शीळकरी कस्तूर आणि यकृतका: एकाच फलकावर वर्गीकरण आणि संवर्धन-स्थिती कशी लिहावी?

कातळपाणी (प्रश्न)

घाटमाथ्यावरच्या एका ओढ्यालगत निसर्गवाट आहे, तिथे फलक लावायचा आहे. आकार तीन फूट बाय दोन फूट, म्हणजे मजकुराला जागा बेताचीच. विषय असा: एकाच ओल्या कातळावरचे दोन रहिवासी. डावीकडे शीळकरी कस्तूर, उजवीकडे त्याच कातळाला चिकटून वाढणारी चपटी, गडद हिरवी, टोकाला दुभंगत जाणारी वनस्पती. यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट, एवढं नक्की. ड्युमॉर्टिएरा हिर्सुटा असावी असा अंदाज आहे.

कच्चा मजकूर:

डावीकडे: सृष्टी प्राणी, संघ कॉर्डाटा, वर्ग एव्हज, गण पॅसेरिफॉर्मिस, कुल टर्डिडी, प्रजाती (जीनस) मायोफोनस, जाती (स्पीशीज) हॉर्सफील्डी. स्थिती: लीस्ट कन्सर्न (सध्या फारशी काळजी नाही). कायदा: वन्यजीव कायद्याची अनुसूची चार.

उजवीकडे: सृष्टी वनस्पती, विभाग ब्रायोफायटा, वर्ग हेपॅटिसी, गण मार्कॅन्शिएलीस, कुल मार्कॅन्शिएसी, प्रजाती ड्युमॉर्टिएरा, जाती हिर्सुटा. स्थिती: रिकामी.

अडलंय ते इथे. पक्ष्याची स्थिती लगेच मिळाली, वनस्पतीची भारतातल्या कुठल्याच यादीत सापडली नाही. जगभर वाढते म्हणून तिलाही लीस्ट कन्सर्न लिहावं, की माहिती नाही म्हणून डेटा डेफिशियंट? आणि वर्गीकरणात काही जुनं राहिलंय का?

---

भिंगवाला

आधी उजवी बाजू बघू. नाव चुकलं की खालच्या सगळ्या ओळी चुकतात.

ओला कातळ आणि चपटा हिरवा थॅलस (खोड-पान असे वेगळे भाग नसलेलं वनस्पतीचं अंग) एवढ्यावर ड्युमॉर्टिएरा म्हणता येत नाही. सह्याद्रीत तशाच जागी मार्कॅन्शिया, प्लॅजिओकाझ्मा, सायथोडियम, रिकार्डिया आणि शृंगकाही (हॉर्नवर्ट, शिंगासारखे अवयव येणाऱ्या वनस्पती) वाढतात. दहापट भिंग घ्या आणि या क्रमाने बघा.

सर्वात आधी वरचा पृष्ठभाग, तोही उन्हाकडे तिरपा धरून. मार्कॅन्शियावर बारीक षट्कोनी चौकटी दिसतात आणि प्रत्येक चौकटीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं पांढरट छिद्र असतं. खाली हवेचा कप्पा असतो, त्याचं ते धुराडं. ड्युमॉर्टिएरात हे कप्पे जवळजवळ लोप पावलेत. फार तर वाढत्या टोकाजवळ पुसट जाळी दिसेल, छिद्रं नाहीत. म्हणूनच ती गडद आणि काहीशी अर्धपारदर्शक दिसते. एरवी मार्कॅन्शियाच्या गोतावळ्यात छिद्र असणं हा नेम आहे, त्याला ही ठळक अपवाद.

मग वाट्या शोधा. थॅलसवर दातेरी काठाच्या छोट्या गोल वाट्या आणि त्यात हिरव्या टिकल्या दिसल्या तर ती मार्कॅन्शिया, तपासणी तिथेच संपली. ड्युमॉर्टिएराला अशा जेमांच्या (नवी रोपं देणाऱ्या त्या टिकल्यांच्या) वाट्या नसतात. पण उलट बाजूने तर्क करू नका: मार्कॅन्शियालाही प्रत्येक तुकड्यावर वाट्या असतीलच असं नाही.

तिसरी गोष्ट केस. 'हिर्सुटा' म्हणजेच केसाळ. थॅलसच्या कडेला विरळ केस असतात आणि छत्रीसारख्या जननदांड्यांच्या डोक्यावर ते जास्त स्पष्ट दिसतात. छत्र्या आलेल्या असतील तर फोटो वरून नको, बाजूने काढा.

शंका उरली तर आडवा छेद घ्यावा लागेल. गाजराच्या तुकड्याला उभी चीर पाडा, तिच्यात थॅलसची पट्टी अडकवा आणि नव्या ब्लेडने गाजरासकट पातळ काप घ्या. जुन्या ब्लेडने पेशी चिरडतात, आणि मग नसलेले कप्पे दिसतात किंवा असलेले दिसत नाहीत. मार्कॅन्शियात वरच्या थरात एकाशेजारी एक हवेच्या खोल्या दिसतील. ड्युमॉर्टिएरात सलग भरीव ऊती.

शृंगकांची गल्लत सर्रास होते. शिंग आलेलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी बघा: बहुतेक शृंगकांत पेशीला एकच मोठं हरितलवक असतं, यकृतकांत अनेक छोटी. सायथोडियम तर लांबूनच कळते. कपारीच्या अंधारात ती सोनेरी-हिरवी चकाकते आणि थॅलस इतका पातळ की बोट लागलं तरी चुरगळतो.

नमुना नखाएवढा पुरे. प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन तास चालतो, दिवसभर उन्हात ठेवलात तर कुजतो. कागदाची घडी घालून पाकीट करा, वर तारीख, ठिकाण, उंची आणि तो कशावर वाढत होता ते लिहा (कातळ, माती, झाडाची साल) आणि सावलीत वाळवा. फुलझाडांसारखा जड वजनाखाली दाबू नका. अभयारण्याची हद्द असेल तर आधी लेखी परवानगी.

---

पिसारा_आणि_पंजा

आता पक्ष्याची बाजू.

टर्डिडी काढा. 'कस्तूर' या नावामुळे आणि जुन्या पुस्तकांमुळे हा पक्षी टर्डिडी कुलात, म्हणजे खऱ्या कस्तुरांच्या घरात धरला जायचा. डीएनएवरून केलेल्या अभ्यासांनंतर मायोफोनस ही अख्खी प्रजाती मस्किकॅपिडी कुलात गेली, म्हणजे दयाळ आणि माशीमारांच्या घरात. मराठी नाव बदलायची गरज नाही, कुलाची ओळ तेवढी बदला.

'गायक पक्षी' असं शीर्षक देणार असाल तर गणाखाली एक ओळ वाढवा: उपगण पॅसेरी. ती नसेल तर गायक पक्षी ही वर्गीकरणातली कल्पना तुमच्या तक्त्यात येतच नाही. पॅसेरिफॉर्मिस गणातले सगळेच गायक नसतात. पावसाळ्यात सह्याद्रीत येणारा नवरंग याच गणातला, पण उपगण टायरॅनी, त्यामुळे तो गायक पक्षी नाही. आणि आपला गावकावळा पॅसेरीतला, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने अस्सल गायक! कोकीळ कितीही गाऊ दे, तो या गणातच नाही. भेद आवाजाच्या गोडीवर नाही, स्वरयंत्राच्या रचनेवर आहे. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या सिरिंक्सला पॅसेरी पक्ष्यांत अनेक स्नायूंच्या जोड्या असतात आणि दोन्ही बाजू बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे चालतात. पहाटेच्या अंधारात रेंगाळणारी, माणसाने वाजवल्यासारखी ती शीळ तिथून निघते.

नाव व्हिगर्स यांनी १८३१ मध्ये दिलं, हॉर्सफील्ड या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून. लांबी सुमारे २५ सेंटीमीटर, नर-मादी सारखेच. कपाळ आणि खांद्यावरचा चकाकता निळा रंग उजेड पडला तरच दिसतो, एरवी पक्षी काळाच वाटतो. फलकावरचं चित्र सगळं निळं करू नका, लोक मग नीलपंख शोधत बसतात.

एक गोष्ट फलकावर जरूर घ्या: घरटं ओढ्याकाठच्या कपारीत असतं आणि ते हरितांचं म्हणजे मॉसचं, मुळ्यांचं, मातीचं केलेलं असतं. तुमच्या दोन्ही रकान्यांना जोडणारा खरा दुवा हाच. यकृतका वापरतो असं मात्र लिहू नका. हरिता वेगळ्या.

---

भिंगवाला

हरितांचा विषय निघाला म्हणून: उजवीकडचं 'विभाग ब्रायोफायटा, वर्ग हेपॅटिसी' हेही जुनं झालं. आता काटेकोर अर्थाने ब्रायोफायटा म्हणजे फक्त हरिता. यकृतकांचा विभाग मार्कॅन्शिओफायटा आणि शृंगकांचा अँथोसेरोटोफायटा. तिन्हींना मिळून मराठीत 'शेवाळी' म्हणायला हरकत नाही, पण फलकावर 'शेवाळ' लिहू नका, वाचणारा ते शैवल समजतो आणि शैवल म्हणजे अल्गी.

सुधारलेली ओळ: विभाग मार्कॅन्शिओफायटा, वर्ग मार्कॅन्शिऑप्सिडा, गण मार्कॅन्शिएलीस, कुल ड्युमॉर्टिएरेसी, प्रजाती ड्युमॉर्टिएरा, जाती हिर्सुटा.

कुलाची गंमत पाहा. कस्तुराचं घर बदललं तसंच हिचंही बदललं. आधी मार्कॅन्शिएसी, मग काहींच्या मते विस्नेरेलेसी, आणि २००६ पासून स्वतंत्र ड्युमॉर्टिएरेसी. नावाचा प्रवास तर त्याहून जुना. श्वार्ट्झ यांनी १७८८ मध्ये तिला मार्कॅन्शिया हिर्सुटा म्हटलं, नीस यांनी १८२४ मध्ये ड्युमॉर्टिएरात हलवलं. म्हणून पूर्ण नाव लिहिताना श्वार्ट्झ कंसात आणि नीस कंसाबाहेर. प्राण्यांच्या नामकरण-संहितेत (नावं देण्याच्या नियमावलीत) प्रजाती बदलली की मूळ लेखक कंसात जातो, पण हलवणाऱ्याचं नाव लिहायची रीत नाही, आणि वर्ष बहुधा सोबत असतं. दोन्ही रकान्यांत एकच साचा वापरलात तर एक बाजू चुकणारच. दोन संहिता वेगळ्या आहेत, त्यांची सुरुवातही वेगळी: यकृतकांची नावं १७५३ पासून ग्राह्य, प्राण्यांची १७५८ पासून.

शेपट्यांनीही ओळखता येतं. प्राण्यांत कुल '-इडी' वर संपतं, वनस्पतींत '-एसी' वर. वनस्पतींचा गण '-एलीस' वर. पक्ष्यांच्या गणांचं '-फॉर्मिस' हा मात्र रिवाज आहे, संहितेचा नियम नव्हे.

---

लालयादी

आता रिकामी राहिलेली ओळ. लीस्ट कन्सर्न लिहू नका आणि डेटा डेफिशियंटही लिहू नका. दोन्ही चूक, कारणं वेगवेगळी.

आययूसीएनच्या (धोक्यातल्या जातींची लाल यादी करणारा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ) पद्धतीत लीस्ट कन्सर्न हा निकाल आहे. कुणीतरी जाती घेतली, पाच निकषांवर तपासली आणि ती धोक्याच्या किंवा धोक्याजवळच्या श्रेणीत बसत नाही असं ठरवलं. डेटा डेफिशियंट हाही निकालच: तपासायला बसले, पण श्रेणी ठरवण्याइतकी माहिती निघाली नाही. कुणी तपासायलाच बसलं नसेल तर नॉट इव्हॅल्युएटेड. परीक्षेला न बसलेल्याला पास म्हणता येत नाही, नापासही नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडत नाही. जगातल्या सुमारे ११,००० पक्षिजातींचं मूल्यमापन झालेलं आहे, बर्डलाइफ इंटरनॅशनल ते सांभाळते आणि पुन्हापुन्हा तपासते. यकृतकांच्या जगात साधारण ७,३०० जाती आणि त्यातला फार थोडा भाग जागतिक यादीत आलाय. त्यामुळे डावी ओळ भरलेली आणि उजवी रिकामी, यात त्या दोन जीवांपेक्षा आपल्या लक्ष देण्याचीच कथा जास्त आहे.

शोधताना एक खड्डा आहे. ड्युमॉर्टिएरा हिर्सुटा युरोपातही, आयर्लंडपासून इटलीपर्यंत, तुरळक वाढते. २०१९ मध्ये युरोपची हरिता, यकृतका आणि शृंगकांची लाल यादी आली, जवळपास १,८०० जातींची. पुरेशी माहिती असलेल्यांपैकी २२.५ टक्के जाती तिथे धोक्यात निघाल्या. त्या कामातल्या नोंदी आययूसीएनच्या संकेतस्थळावर शोधल्या की समोर येतात. प्रत्येक नोंदीत मूल्यमापनाची व्याप्ती लिहिलेली असते. तिथे 'युरोप' असेल तर ती श्रेणी सह्याद्रीतल्या फलकावर चालणार नाही. 'जागतिक' असेल तरच घ्या, आणि वर्षासह लिहा.

समजा उद्या तिचं जागतिक मूल्यमापन झालं आणि लीस्ट कन्सर्न निघालं. तरी ते दोन शब्द दोन रकान्यांत एकच गोष्ट सांगणार नाहीत. शीळकरी कस्तूर फक्त भारतीय द्वीपकल्पातला: पश्चिम घाट, मध्य भारतातल्या टेकड्या, पूर्व घाटाचा काही भाग. त्याची जागतिक श्रेणी म्हणजे आपल्याच डोंगरांबद्दलचं विधान. ड्युमॉर्टिएरा अमेरिकेपासून जपानपर्यंत पसरलेली. आपले सगळे ओढे उद्या आटले तरी तिची जागतिक श्रेणी हलेल असं नाही. त्यात तिच्या नावाखाली ९, १८ आणि २७ गुणसूत्रांचे वेगवेगळे गट नोंदले गेलेत, म्हणजे 'एक जाती, जगभर' हेसुद्धा तितकं सरळ नाही.

---

कातळपाणी

कुल, विभाग आणि उपगण बदलले. आता दोन शंका. पहिली: आजूबाजूच्या पाच ओढ्यांवर तिच्या नोंदी आहेत. त्यावरून निदान स्थानिक पातळीवर 'दुर्मीळ' असं लिहिता येईल का? दुसरी: दोन्हीकडे 'गण' आहे, तर गणापाशी तुलना करणारी आडवी पट्टी काढावी का?

---

लालयादी

पाच ओढ्यांवरून 'दुर्मीळ' लिहू नका. आकडा कसा फसवतो ते सांगतो.

व्याप्त क्षेत्र मोजताना २ बाय २ किलोमीटरची चौकट धरतात. तुमच्या पाच नोंदी पाच चौकटींत पडल्या तर क्षेत्र २० चौरस किलोमीटर. एंडेंजर्ड या धोक्याच्या श्रेणीची मर्यादा ५०० चौरस किलोमीटर, म्हणजे नुसत्या आकड्याने ती सहज आत बसते. पण त्यासोबत तीनपैकी किमान दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: ठिकाणं मोजकी किंवा तुटक असणं, घट चालू असणं, टोकाचे चढउतार असणं. यातलं काहीच मोजलेलं नसेल तर तुमचे २० चौरस किलोमीटर म्हणजे तुम्ही जिथवर चाललात तो रस्ता. यकृतकांच्या बाबतीत ही चूक कायमची, कारण शोधणारे कमी. पक्ष्यांच्या नोंदी हजारो हौशी लोक रोज करतात, म्हणून तिथे रिकामी चौकट बऱ्याचदा खरोखर रिकामी असते.

'किती आहेत' हा प्रश्नही दोघांना सारखा विचारता येत नाही. पक्ष्यांत विणीला सक्षम पक्षी मोजतात. थॅलस तुटून, मागचा भाग कुजून एकाचे चार होतात, मग एक कुठला? शेवाळींसाठी रूढ तोडगा असा: कातळ किंवा मातीवर वाढणारी असेल तर १ चौरस मीटर म्हणजे एक व्यक्ती, झाडावरची असेल तर एक झाड म्हणजे एक. करायचंच असेल तर पाचही ओढ्यांवर तिने व्यापलेले चौरस मीटर पावसाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा उन्हाळ्यात मोजा, तीन-चार वर्षं. मग घटीबद्दल बोलता येईल.

कायद्याची ओळ तर आधी खोडा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या चार झाल्या. आता पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या) कराराखालच्या नमुन्यांची. जुन्या पुस्तकातून 'अनुसूची चार' उतरवलंत तर त्याचा अर्थच बदलतो. क्रमांक टाकायचाच असेल तर नवी यादी उघडून जातीच्या नावाने शोधा, कुलाच्या अंदाजाने नको. तिसऱ्या अनुसूचीत एकही यकृतका नाही. तरी ती उघड्यावर पडली असंही नाही: या कायद्यात 'वन्यजीव' या शब्दाच्या व्याख्येत अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही येते, त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीत ती खरवडणं गुन्हाच. पक्ष्याच्या बाबतीत अंडी किंवा घरट्याला त्रास देणं 'शिकार' या व्याख्येत मोडतं. म्हणून घरट्याचा फोटो आणि नेमकी कपार फलकावर दाखवू नका.

---

पिसारा_आणि_पंजा

गणाची पट्टी नको. 'गण' हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी मोजमाप एक नाही. पॅसेरिफॉर्मिसमध्ये सहा हजारांहून जास्त जाती, म्हणजे जगातले निम्म्याहून अधिक पक्षी. मार्कॅन्शिएलीसमध्ये काहीशे. वयातही मेळ नाही. या दोघांचा सामाईक पूर्वज शोधायचा तर शंभर कोटी वर्षांहून मागे जावं लागतं, तिथून पुढे प्रत्येक शाखेत पायऱ्या माणसांनी आपापल्या सोयीने पाडल्या. पट्टी काढायचीच असेल तर सृष्टीच्याही वर, दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले जीव) या एकाच शब्दापाशी काढा आणि खाली दोन फांद्या सोडून द्या.

आणि वर्तमानपत्री सवयीने जातीला 'प्रजाती' लिहू नका. तुमच्या कच्च्या मजकुरात बरोबर आहे, छापखान्यात कुणी 'दुरुस्त' करणार नाही एवढं बघा.

---

भिंगवाला

तुलना करायची तर जगण्याची करा, ती लोकांना समोर दिसते. पक्षी आपल्याला दिसतो तो दोन गुणसूत्र-संचांचा. यकृतकेत उलटं: वर्षभर दिसणारा हिरवा थॅलस एकाच संचाच्या युग्मकधारी (शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणाऱ्या) पिढीचा, आणि दोन संचांची बीजुकधारी (बीजुकं म्हणजे स्पोअर तयार करणारी) पिढी म्हणजे छत्रीच्या खाली लपलेली, बीजुकं सोडून काही दिवसांत वाळून जाणारी टिकली. तिच्या फलनाला शुक्रपेशी पोहायला पाण्याचा थर लागतो. थॅलसला मेणचट आवरण जवळजवळ नाही, त्यामुळे तुषार थांबले की ती काळी पडते. ओढ्याचं पाणी वर नळाने वळवलं, कडेचं झाड तोडून ऊन आत घेतलं, किंवा कातळावर सिमेंटचा थर दिला की ती संपते. कस्तूर मात्र बेडूक, खेकडे, गांडुळं आणि फळं असं काहीही खातो आणि पुलाखालच्या भिंतीतही घरटं करतो. त्याला उडून पलीकडच्या ओढ्यावर जाता येतं.

---

लालयादी

फलकासाठी अंतिम मसुदा, जागेत बसेल असा:

शीळकरी कस्तूर, मायोफोनस हॉर्सफील्डी. वर्ग पक्षी, गण पॅसेरिफॉर्मिस, उपगण पॅसेरी, कुल मस्किकॅपिडी. आययूसीएन जागतिक स्थिती: लीस्ट कन्सर्न, मूल्यमापन वर्ष अमुक.

केसाळ ड्युमॉर्टिएरा, ड्युमॉर्टिएरा हिर्सुटा. विभाग मार्कॅन्शिओफायटा, वर्ग मार्कॅन्शिऑप्सिडा, गण मार्कॅन्शिएलीस, कुल ड्युमॉर्टिएरेसी. भारतातली स्थिती: मूल्यमापन झालेले नाही. धोक्यात आहे की नाही, हे यावरून कळत नाही.

शेवटचं वाक्य खोडू नका, तिथेच लोक अडतील आणि तेच हवंय. 'अमुक'च्या जागी संकेतस्थळावरचं वर्ष छपाईच्या दिवशी बघून टाका. स्थितीच्या दोन्ही ओळी वेगळ्या चिकटपट्टीवर छापा, म्हणजे यादी बदलली की पट्टी बदलता येते, अख्खा फलक नाही. भिंगवाल्यांच्या तपासणीत छेदापर्यंत जाऊनही शंका उरली तर जाती लिहू नका, 'मार्कॅन्शिएलीस गणातली यकृतका' एवढंच लिहा, आणि मग स्थितीची ओळही गाळा. गणाला स्थिती नसते.

---

कातळपाणी

छिद्रं नाहीत, वाट्या नाहीत, कडेला केस आहेत. छेद बाकी आहे, गाजर आणि नवं ब्लेड घेऊन ठेवलंय.

---

भिंगवाला

छान. फक्त फलकाचा खांब त्या कातळात ठोकू नका. ड्रिलचा भुगा ओल्या थॅलसवर बसतो आणि धुऊन निघत नाही. वाटेच्या अलीकडच्या कोरड्या मातीत, कातळापासून चार-पाच मीटरवर खड्डा घ्या, आणि तिथे खोदलेली माती ओढ्यात ढकलू नका.